टी-मूल्य सार्थक आलं, मॅडम मात्र खूश नाहीत

रेघोटी | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात 'छान दिसतंय, करून बघते' एवढं लिहून पळणारी. आज मदत हवी आहे.

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला गणित शिकवते आणि नोकरी सांभाळून एम.एड. करतेय. लघुशोधप्रबंधाचा विषय असा: अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या घालून शिकवली तर मुलांची संपादणूक वाढते का? तुकडी अ प्रायोगिक गट (३२ मुलं), तुकडी ब नियंत्रित गट (३० मुलं). अ ला पट्ट्या, ब ला नेहमीसारखं फळ्यावर. तीन आठवडे शिकवलं आणि मग २५ गुणांची उत्तरचाचणी घेतली.

तुकडी अ : मध्यमान (सरासरी) १७.४, प्रमाण विचलन (गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) ३.६
तुकडी ब : मध्यमान १५.३, प्रमाण विचलन ४.२

टी-मूल्य २.१२ आलं. स्वाधीनता मात्रा (इथे एकूण मुलं वजा दोन) ६० ला तक्त्यात ०.०५ स्तरावर २.०० आहे, माझं त्याहून मोठं, म्हणजे सार्थक, फरक निव्वळ योगायोग म्हणून सोडता येत नाही. शून्य परिकल्पनेचा ('पट्ट्यांनी फरक पडत नाही') त्याग केला, संशोधन परिकल्पनेचा स्वीकार केला, प्रकरण चौथं टाइप करून मोकळी झाले.

मार्गदर्शक मॅडमनी ते पान परत दिलं. समासात पेन्सिलीने लिहिलंय : 'इफेक्ट साइज? आणि मग काय?' 'आणि मग काय'च्या खाली दोन रेघा.

इफेक्ट साइज कसं काढायचं ते कुणी सांगेल का? आणि 'आणि मग काय'चं काय करू?

---

खारीशंकरपाळी | रविवार, रात्री ९:५८

वाचनखूण साठवली आहे. माझ्याही बहिणीचं हेच चाललंय.

---

फेज३ | रविवार, रात्री १०:२०

सोपं आहे ताई. दोन मध्यमानांतला फरक भागिले प्रमाण विचलन. याला कोहेनचा डी म्हणतात.

फरक १७.४ − १५.३ = २.१. प्रमाण विचलनं दोन आहेत, म्हणून त्यांचं एकत्रित घ्यायचं. नुसती सरासरी नाही, वर्ग करून, मुलांच्या संख्येचा भार देऊन :

(३१ × ३.६² + २९ × ४.२²) ÷ ६० = १५.२२, त्याचं वर्गमूळ ३.९०.

डी = २.१ ÷ ३.९० = ०.५४.

कोहेनच्या मोजपट्टीत ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. तुमचा 'मध्यम'. लिहून टाका.

---

पेठेतलीपाटी | रविवार, रात्री १०:३१

चर्चा उत्तम. एक शंका. संपादणूक, मध्यमान, स्वाधीनता मात्रा, परिकल्पना इतकं सोवळ्यातलं मराठी लिहून झाल्यावर मधेच 'इफेक्ट साइज' पायताणासकट आत कसा आला? 'परिणाम-आकार' लिहा.

---

फेज३ | रविवार, रात्री १०:३३

परिणाम-आकार लिहिलं तर मॅडम विचारतील, हे काय असतं, आणि ताई सांगतील, इफेक्ट साइज.

---

जुनाहिशेब | सोमवार, सकाळी ६:१५

रेघोटीताई, मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे पहाटे असले धागे सापडले की बरं वाटतं. फेज३ यांनी डी बरोबर काढला. पण 'मध्यम, लिहून टाका' म्हणून सुटका होणार नाही. तुमच्या मॅडमचा प्रश्न त्यापुढचा आहे.

आधी टी म्हणजे काय ते नीट पाहू. तक्त्यातून घेतलं की त्याचा अर्थ डोक्यातून जातो. फरक २.१ गुणांचा. याच शाळेसारख्या मुलांचे दुसरे दोन गट घेतले असते तर हा फरक थोडा इकडे तिकडे झाला असता. किती? साधारण ०.९९ गुण. याला प्रमाण त्रुटी म्हणतात : ३.९० × √(१/३२ + १/३०). टी म्हणजे २.१ ÷ ०.९९ = २.१२. दिसलेला फरक हा नैसर्गिक हेलकाव्याच्या किती पट आहे, एवढंच टी सांगतो.

आता टी आणि डी शेजारी ठेवा. दोन्हीच्या वर तोच २.१. खाली टीमध्ये प्रमाण त्रुटी, डीमध्ये प्रमाण विचलन. प्रमाण त्रुटी मुलांची संख्या वाढली की लहान होत जाते, प्रमाण विचलन होत नाही. म्हणून टी फुगवायचा असेल तर मुलं वाढवा, पद्धत सुधारायची गरज नाही. डी असा फुगत नाही.

---

फेज३ | सोमवार, सकाळी ९:०५

काकांच्या मुद्द्याला आमच्याकडचं उदाहरण. आम्ही ॲपवर दोन रंगांची बटणं दाखवून बघतो. समजा प्रत्येक गटात एक लाख माणसं आहेत आणि डी आहे ०.०२, म्हणजे नगण्य. तरी टी येतो ०.०२ × √५०००० = ४.४७. ०.०५ सोडा, ०.०००१ वरही 'सार्थक'. मीटिंगमध्ये टाळ्या. बटणाचा रंग बदलतो, बाकी काहीही बदलत नाही.

---

रेघोटी | सोमवार, दुपारी २:१०

मधल्या सुट्टीत वाचतेय. काका, खूप धन्यवाद. वर्षभर वर्गात टीचं सूत्र पाठ केलं, पण ते भागिले कशाने आहे हे आज कळलं.

दोन प्रश्न. (१) पी-मूल्य ०.०३८ आलंय. म्हणजे माझी पद्धत चालते याची ९६ टक्के खात्री, असं लिहू ना? (२) एक्सेलमध्ये टी.टेस्ट टाकलं की शेवटी 'टाइप' विचारतं. मैत्रिणीने १ टाकायला सांगितलं, तर एनएची चूक दाखवतंय.

---

जुनाहिशेब | सोमवार, दुपारी ४:२०

(दुपारची झोप झाली.)

दुसरा प्रश्न आधी. टाइप १ जोडीच्या आकड्यांसाठी असतो, म्हणजे एकाच मुलाचा आधीचा आणि नंतरचा गुण. तुमच्याकडे ३२ आणि ३० वेगळी मुलं, जोड्या लागणार कशा? म्हणून एक्सेलने हात वर केले. उपकार समजा. दोन्ही तुकड्यांत ३०-३० मुलं असती तर त्याने मुकाट्याने चुकीचं उत्तर दिलं असतं. टाइप २ म्हणजे दोन्ही गटांचा पसारा सारखा धरून, टाइप ३ म्हणजे तसं न धरता. तिसऱ्याला वेल्चची चाचणी म्हणतात, १९४७ ची. मी सगळ्यांना डोळे मिटून टाइप ३ वापरायला सांगतो. तुमचा टी २.१२ चा २.११ होईल, स्वाधीनता मात्रा ६० ची ५७ आणि काही. फरक पडत नाही, पण जिथे पडतो तिथे वेल्चच वाचवतो.

पहिला प्रश्न : नाही, नाही, नाही. ०.०३८ चा अर्थ उलट बाजूने वाचायचा. पट्ट्यांनी काडीचाही फरक पडत नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक १०० पैकी सुमारे ४ वेळा दिसेल. सुरुवातच 'फरक पडत नाही असं धरलं' अशी आहे. त्यावरून 'फरक पडतो याची खात्री ९६ टक्के' काढता येत नाही. पावसाळ्यात रस्ता ओला असण्याची शक्यता आणि रस्ता ओला दिसला म्हणून पावसाळा असण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी. टँकरही सांडतो.

---

वाकडवाट | सोमवार, सायंकाळी ७:४०

धागा हायजॅक करतोय, माफी असावी. कोथरूडहून हिंजवडीला जातो. एक रस्ता चांदणी चौकातून हायवेने, दुसरा पाषाण-सूस-नांदे-माण. बायको म्हणते हायवेने लवकर पोचतोस, मी म्हणतो नांदेकडून. सहा-सहा दिवस मिनिटं लिहून ठेवली :

नांदे : ५२, ५५, ४९, ५८, ५४, ५०
हायवे : ५८, ६१, ५७, १४७, ६०, ५५

१४७ च्या दिवशी पाऊस होता आणि एक कंटेनर आडवा झाला होता. सरासरी ५३ विरुद्ध ७३. वीस मिनिटांचा फरक! तरी टी फक्त १.३४. एवढा ढळढळीत फरक आणि सार्थक नाही?

---

जुनाहिशेब | सोमवार, रात्री ८:५५

हे फार गोड उदाहरण दिलंत. तो १४७ काढून त्या जागी तुमचा नेहमीचा, समजा, ६३ ठेवा. सरासरी होईल ५९, फरक वीसवरून सहा मिनिटांवर येईल. आणि टी? ३.३२. पी ०.०१ च्या खाली.

फरक तिपटीहून मोठा झाला आणि टी निम्म्याहून कमी झाला. कारण त्या एका कंटेनरने सरासरी १४ मिनिटांनी ढकलली, पण पसाऱ्याचं पार वाटोळं केलं : हायवेचं विचलन ३ मिनिटांच्या आसपास होतं ते ३६ वर गेलं. सरासरीत चूक एकदा शिरते, विचलनात वर्ग होऊन शिरते.

पण १४७ खोटाही नाही, तुम्ही त्या दिवशी गाडीत बसलाच होतात. तो खोडायचा नाही. टी-चाचणी लावायच्या आधी आकडे नुसते डोळ्यांनी बघायचे. 'रोज सहा मिनिटं जास्त, आणि अधूनमधून अख्खी संध्याकाळ' असं वाक्य सरासरीपेक्षा तुमच्या घरात जास्त कामाचं आहे. शिवाय वार कोणते होते? नांदेकडून गेलात ते सोमवार आणि हायवेने गेलात ते शुक्रवार असतील तर तुम्ही रस्ते नव्हे, वार तोलताय.

---

वाकडवाट | सोमवार, रात्री ९:०२

वार लिहिले नाहीत. बायकोला दाखवतो.

---

खारीशंकरपाळी | सोमवार, रात्री ९:१५

दाखवू नका.

---

अर्धाकटिंग | सोमवार, रात्री १०:४०

रेघोटीताई, एक शॉर्टकट. तुम्ही म्हणताय पट्ट्यांनी गुण वाढतात. कमी होतील असं तर म्हणत नाही ना? मग एकपुच्छ चाचणी लावा, म्हणजे एकाच दिशेचा फरक तपासणारी. पी थेट निम्मं, ०.०१९. मॅडम गार.

---

पेठेतलीपाटी | सोमवार, रात्री १०:४४

एकपुच्छ, द्विपुच्छ. हे मराठी कोणी केलं त्याला नमस्कार. परिणाम-आकाराला हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

---

जुनाहिशेब | मंगळवार, सकाळी ६:०५

अर्धाकटिंग, शेपूट एक की दोन हे चाचणी घेण्याआधी ठरवायचं असतं. निकाल बघून एक शेपूट कापणं म्हणजे चेंडू पडल्यावर यष्ट्या हलवणं.

आणि ०.०५ ला एवढं देव्हाऱ्यात बसवू नका. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची मर्यादा म्हणून ती सांगितली, वीसात एक. कारण सामान्य वक्रात ती प्रमाण विचलनाच्या जवळपास दुपटीवर पडते आणि दुपटीचा हिशेब तोंडी होतो. इतकं साधं.

टीची गोष्ट तर त्याहून गमतीची. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत रसायनशास्त्र शिकून लागलेला माणूस. सातू आणि हॉप्स यांच्या चाचण्या करायचा, पण हातात नमुने चार, पाच, दहा. त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांवर बेतलेलं. एवढ्या थोड्या आकड्यांतून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच डळमळीत असतं, तेव्हा नेहमीच्या वक्रावर विसंबलं तर आपण फसतो, हे त्याने १९०८ साली 'बायोमेट्रिका' या संशोधन नियतकालिकात मांडलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून खाली नाव 'स्टुडंट'. ताई, तुमच्या तक्त्याच्या डोक्यावर 'स्टुडंट्स टी' असतं ते विद्यार्थ्यांसाठी म्हणून नव्हे.

अवांतर : डीसुद्धा आपल्याला परका नाही. आपले संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली दोन गटांतलं 'अंतर' मोजायची रीत दिली, अनेक मोजमापं एकत्र घेऊन. मोजमाप एकच असेल तर ते अंतर म्हणजे तुमचा डीच. कोहेन यांचं पुस्तक त्यानंतरचं, १९६९ चं.

---

रेघोटी | मंगळवार, दुपारी २:०५

काका, दारूभट्टीची गोष्ट स्टाफरूममध्ये सांगितली. गणिताचे सर म्हणाले, प्रस्तावनेत घाल. मॅडम घालू देणार नाहीत.

०.५४ म्हणजे 'मध्यम' हे लिहिलं. पण खरं सांगते, मला स्वतःला त्यातून काही दिसत नाही. पालकांना काय सांगू, तुमच्या मुलाला मध्यम फायदा होईल?

---

जुनाहिशेब | मंगळवार, सायंकाळी ५:३०

अगदी योग्य तक्रार. कोहेन यांनी स्वतःच बजावलं होतं की ०.२, ०.५, ०.८ ही मोजपट्टी दुसरं काही हाताशी नसेल तेव्हाच वापरा. तुमच्या हाताशी आहे : गुण. मुलांना, पालकांना, तुम्हाला गुण कळतात. म्हणून आधी सरळ लिहा, फरक २५ पैकी २.१ गुण. त्याच्यापुढे ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे तुमच्या आकड्यांशी जुळणाऱ्या फरकांचा पल्ला : २.१ ± २.०० × ०.९९, म्हणजे ०.१२ ते ४.०८ गुण. मग डी, कारण दुसऱ्या कुणी ५० गुणांची चाचणी घेतली असेल तर तिच्याशी तुलना करता यावी. डीचाही अंतराल काढा, साधारण ०.०३ ते १.०५ येतो.

तो नीट बघा. तुमचे आकडे म्हणताहेत की फायदा जवळपास शून्य असू शकतो किंवा प्रचंडही असू शकतो. 'मध्यम' हा शब्द या दोन टोकांवर पांघरूण घालतो. ६२ मुलांत याहून बारीक दिसत नाही, यात तुमचा दोष नाही. ०.५ इतका डी दहापैकी आठ वेळा पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. ०.२ चा पकडायला ३९४.

चित्रच हवं असेल तर : अ मधलं एक मूल आणि ब मधलं एक मूल चिठ्ठी टाकून उचला. १०० वेळा उचललंत तर सुमारे ६५ वेळा अ चं मूल पुढे असेल, ३५ वेळा ब चं. पट्ट्यांनी काहीच होत नसतं तर ५०-५०. हे पालकसभेत सांगता येईल.

आता मी विचारतो. २.१ गुण म्हणजे कुठले गुण? पेपर आहेत ना तुमच्याकडे?

---

रेघोटी | मंगळवार, रात्री ११:२०

काका, तुमच्यामुळे आज सगळे ६२ पेपर पुन्हा काढून पलंगावर मांडले. नवरा बाहेरच्या खोलीत झोपलाय.

प्रश्न चौथा, १/२ + १/३. ब तुकडीत बऱ्याच जणांनी २/५ लिहिलंय. वरचे वर, खालचे खाली. दरवर्षीचा आजार आहे. अ मध्येही आहे, पण कमी. आणि अ च्या अकरा पेपरांत समासात पेन्सिलीने पट्ट्या काढल्यात. एका पोरीने आधी २/५ लिहिलं, शेजारी दोन पट्ट्या काढल्या, अर्धी पट्टीच दोन पंचमांशापेक्षा लांब भरतेय हे तिला दिसलं असावं, कारण २/५ वर काट मारून ५/६ केलंय. गुण देताना मी त्या समासाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

---

खारीशंकरपाळी | मंगळवार, रात्री ११:३१

हे खरं 'आणि मग काय'चं उत्तर. प्रबंधात त्या समासाचा फोटो घाला ना.

---

जुनाहिशेब | बुधवार, सकाळी ६:१०

फोटो जरूर घाला, मुलीचं नाव झाकून. तो टीमध्ये मावत नाही.

आता एक कटू प्रश्न, जो पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. पूर्वचाचणी घेतली होती का? आणि तुकड्या कशा पडल्या आहेत?

---

रेघोटी | बुधवार, दुपारी २:१५

घेतली होती. अ ९.८ (प्र.वि. ३.५), ब ८.६ (प्र.वि. ३.८). टी १.२९, सार्थक नाही. म्हणून प्रकरण तिसऱ्यात लिहिलंय की 'दोन्ही गट पूर्वचाचणीत समान होते'. सगळ्यांच्या प्रबंधात हे वाक्य असतं.

तुकड्या पाचवीतच पडतात, ते ऑफिस ठरवतं. अ चा माझा तास परिपाठानंतर पहिला. ब चा शेवटचा, डबा खाऊन झाल्यावरचा.

---

जुनाहिशेब | बुधवार, सायंकाळी ५:४५

सगळ्यांच्या प्रबंधात असतं आणि सगळ्यांच्या प्रबंधात चुकीचं असतं. 'सार्थक नाही' म्हणजे 'फरक नाही' असं नव्हे. 'फरक आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही', एवढंच. चष्मा न घालता घड्याळ बघितलं, काटा दिसला नाही, म्हणून घड्याळ बंद पडलं असं आपण म्हणत नाही.

इथे तर काटा दिसतोय. पट्ट्या वर्गात यायच्या आधीच अ तुकडी १.२ गुणांनी पुढे होती. शेवटी २.१ ने पुढे. मग पट्ट्यांच्या वाट्याला काय उरतं? प्रत्येक मुलाची वाढ काढा, उत्तरचाचणी वजा पूर्वचाचणी, आणि त्या वाढींवर दोन गटांची टी-चाचणी लावा. टाइप ३.

मुलाची तुलना त्याच्याशीच करण्यात किती ताकद असते ते गॉसेटच्याच लेखात आहे. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, प्रत्येकाला दोन्ही दिलेली. झोप किती तास वाढली ते मोजलं : पहिल्याने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३. हे वीस आकडे दोन परक्या गटांचे समजून टी काढला तर १.८६, पी ०.०७९, म्हणजे 'सार्थक नाही'. त्याच आकड्यांच्या, माणूस तोच म्हणून, जोड्या लावल्या तर टी ४.०६, पी ०.००२८. आकडा एकही बदललेला नाही. औषध कमी लागू पडणारा आणि जास्त लागू पडणारा यांच्यातला गोंधळ तेवढा बाहेर काढला.

---

रेघोटी | बुधवार, रात्री १०:५०

काढलं.

वाढ : अ ७.६ (प्र.वि. ३.०), ब ६.७ (प्र.वि. ३.२). फरक ०.९. टी १.१४. पी ०.२६. अंतराल उणे ०.६७ ते २.४७.

गेलं सगळं. चौथं प्रकरण, पाचवं प्रकरण, सारांश. दोन वर्षं रविवार घालवलेत यात. मी हे कुणाला न सांगता जुनंच ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं?

---

अर्धाकटिंग | बुधवार, रात्री १०:५८

खरं सांगू, कुणाला कळलं नसतं.

---

फेज३ | बुधवार, रात्री ११:१२

मॅडमना कळलं असतं. दोन रेघा उगाच मारल्या नव्हत्या त्यांनी.

ताई, घाबरू नका. नुसत्या वाढीपेक्षा अँकोव्हा नावाचं विश्लेषण जास्त चांगलं, पूर्वचाचणीचा जेवढा हिस्सा उत्तरचाचणीत उतरतो तेवढाच वजा करतं. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर असेल तर पूर्वचाचणी 'कोव्हेरिएट'च्या रकान्यात टाका.

---

रेघोटी | गुरुवार, दुपारी २:२०

शाळेतल्या संगणकावर एसपीएसएस नाही. एका मैत्रिणीच्या कॉलेजात करून घेतलं. समायोजित फरक १.२५ गुण, पी ०.१०५, अंतराल उणे ०.२७ ते २.७६.

म्हणजे २.१ होता तो एका हिशेबाने ०.९ आणि दुसऱ्याने १.२५. कोणता खरा?

---

जुनाहिशेब | गुरुवार, सायंकाळी ६:००

तिन्ही हिशेब बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. २.१ : शेवटी कोण किती पुढे? ०.९ : कोण किती वाढलं? १.२५ : सुरुवात सारखी असती तर शेवटी किती अंतर पडलं असतं? तुमच्या परिकल्पनेला तिसरा लागू पडतो. तोच मुख्य ठेवा, बाकीचे दोन तक्त्यात दाखवा. लपवू नका.

तरीही एक गोष्ट कुठलीच चाचणी धुऊन काढणार नाही. मुलं ६२, पण तुकड्या दोनच. पट्ट्या अ ला, सकाळचा पहिला तास अ ला, डबा खाऊन पेंगण्याचा तास ब ला. उरलेल्या १.२५ मध्ये पट्ट्या किती आणि पहिला तास किती, हे एसपीएसएसला विचारून उपयोग नाही. ते वेळापत्रकात अडकलंय. 'संशोधनाच्या मर्यादा' या मथळ्याखाली बहुतेक जण 'वेळ कमी होता' लिहितात. तुम्ही हे लिहा.

आणि पुढचा घटक कोणता आहे? गुणोत्तर-प्रमाण? मग या वेळी पट्ट्या ब ला द्या, अ ला फळा.

---

रेघोटी | गुरुवार, रात्री ९:४०

मुख्याध्यापकांना विचारलं, तास बदलून मिळणार नाहीत म्हणाले. पण पट्ट्या ब ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. सोमवारपासून. कार्डशीट आणलंय.

---

वाकडवाट | शुक्रवार, सकाळी ८:१०

हायजॅककर्ता परत आलाय. आता रोज निघण्याआधी नाणं उडवून रस्ता ठरवतो आणि वार लिहितो. बायको म्हणते, याला डोक्याची गरजच काय होती.

---

जुनाहिशेब | शुक्रवार, सकाळी ८:१४

बायकोला सांगा, नाणं उडवणं हे या अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे. ताईंना तेवढंच करता आलं नाही, कारण तुकड्या ऑफिसने पाडल्या.

---

रेघोटी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०

मॅडमना सगळं दाखवलं. समासाचा फोटो बघून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हे आता संशोधन वाटतंय. मी घाबरत घाबरत विचारलं, पण सार्थक नाही आलं ना? त्या म्हणाल्या, नाही आलं तर नाही आलं असं लिहायचं.

पाचव्या प्रकरणातला निष्कर्ष असा केलाय, काका बघाल का : 'पूर्वचाचणीतील फरक समायोजित केल्यावर प्रायोगिक गटाचे मध्यमान १.२५ गुणांनी अधिक आढळले (९५ टक्के विश्वास-अंतराल −०.२७ ते २.७६). त्यामुळे कागद-पट्टी पद्धत परिणामकारक ठरली नाही.'

---

जुनाहिशेब | रविवार, रात्री ८:५२

पहिलं वाक्य उत्तम. दुसऱ्यात पुन्हा तेच चष्म्याचं झालं. अंतरालात २.७६ आहे की, तो काय परिणामकारक नाही? 'परिणामकारक ठरली नाही' खोडा. 'ती परिणामकारक आहे किंवा नाही, हे या नमुन्यावरून निश्चित सांगता येत नाही' असं लिहा. आणि ब तुकडीचं काय झालं?

---

रेघोटी | रविवार, रात्री ९:०५

वाक्य बदललं.

ब ची उत्तरचाचणी परवा आहे. ते प्रबंधात बसणार नाही, चार प्रती उद्या अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगला द्यायच्या आहेत. मरून कव्हर, सोनेरी अक्षरं. पण पेपर तपासले की इथे टाकते. यंदा आधी समास बघणार आहे.

---

पेठेतलीपाटी | रविवार, रात्री ९:११

सोनेरी अक्षरं छापायच्या आधी : आत 'इफेक्ट साइज' आहे की 'परिणाम-आकार'?

---

रेघोटी | रविवार, रात्री ९:१२

परिणाम-आकार. मॅडमनी विचारलं, हे काय असतं.